खाण अभियांत्रिकीची पदवी झाली, आता पुढचं वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, चंद्रपूर, वणी, उमरेड, भंडारा या पट्ट्यातली मुलं मायनिंगला प्रवेश घेतात तेव्हा घरच्यांना वाटतं, पदवी झाली की वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) साहेब होणार. तसं होत नाही. खाणीत पदवी आणि जबाबदारीचं पद यांच्या मध्ये डीजीएमएसचं, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, प्रमाणपत्र उभं असतं. ते मिळेल की नाही, मिळालं तर कोणतं मिळेल, हे बरंचसं पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात ठरतं. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये पगारापेक्षा नोंदी, दाखले आणि भूमिगत कामाचे दिवस यांचा उल्लेख जास्त आहे.

ग्रॅज्युएट ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली, मॅनेजमेंट ट्रेनी किंवा एक्झिक्युटिव्ह ट्रेनी. कोल इंडिया, एनएमडीसी (लोहखनिज), मॉइल (मॅंगनीज) अशा सरकारी कंपन्यांत ही थेट नोकरी असते. पहिलं वर्ष प्रशिक्षणाचं, पण पगार आणि पद पहिल्या दिवसापासून.

दुसरी, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, म्हणजे जीईटी. खासगी पोलाद, जस्त, सिमेंट कंपन्या कॉलेजच्या कॅम्पसमधून घेतात. हीसुद्धा नोकरीच आहे. फक्त कायम होण्याच्या अटी कंपनीगणिक बदलतात.

तिसरी, पीजीपीटी, म्हणजे पदवीनंतरचं एक वर्षाचं व्यावहारिक प्रशिक्षण. ही नोकरी नाही. अप्रेंटिस कायदा 1961 खालची शिकाऊ उमेदवारी आहे, विद्यावेतन मिळतं आणि वर्ष संपलं की कंपनी नोकरी द्यायला बांधील नसते. दरवर्षी काही जण पीजीपीटीचं पत्र आलं की पेढे वाटतात आणि बाराव्या महिन्यात हबकतात.

मग पीजीपीटी करायचं कशाला?

कोल माइन्स रेग्युलेशन्स 2017 प्रमाणे मॅनेजरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला खाणीतला प्रत्यक्ष अनुभव लागतो. मान्यताप्राप्त मायनिंग पदवीधराला सेकंड क्लास, म्हणजे खालच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी एक वर्षाचा अनुभव पुरतो, फर्स्ट क्लाससाठी त्याहून जास्त. पीजीपीटी हा ते एक वर्ष नियमात बसेल अशा रीतीने मिळवण्याचा मार्ग आहे. नोकरी लागलेल्यांना वेगळं पीजीपीटी करावं लागत नाही, त्यांचं प्रशिक्षण वर्षच मोजलं जातं. पण खाणीत आणि मान्य कामावर घालवलेले दिवसच मोजले जातात. एरिया ऑफिसमध्ये बसून टेंडरच्या फायली हलवल्या तर पगार मिळतो, अनुभव मिळत नाही.

सेकंड क्लास नसेल तर काय अडतं?

शिफ्टचा ताबा मिळत नाही. कोळसा खाणीतली कायदेशीर उतरंड अशी: सरदार (कामाच्या एका भागाचा मुकादम), ओव्हरमन (त्याच्यावरचा पर्यवेक्षक), त्यावर असिस्टंट मॅनेजर, मग मॅनेजर. सेफ्टी ऑफिसर आणि व्हेंटिलेशन ऑफिसर हेही प्रमाणपत्रधारकच. यांतल्या प्रत्येकाला लेखी नियुक्ती आणि त्या पदाचं प्रमाणपत्र लागतं. बी.टेक. असून प्रमाणपत्र नसलेला इंजिनिअर खाणीत फिरतो, अहवाल लिहितो, पण अपघातानंतर ज्या रजिस्टरवर सही पाहिली जाते तिथे त्याची सही चालत नाही. दहावीनंतर वर आलेला सरदार त्या जागी कायद्याने तुमच्यापेक्षा मोठा असतो. हे जितकं लवकर पचेल तितकं बरं, कारण पहिल्या वर्षात खरं शिकवणारा तोच असतो.

रिस्ट्रिक्टेड आणि अनरिस्ट्रिक्टेड यांत एवढा काय फरक?

रिस्ट्रिक्टेड प्रमाणपत्र फक्त खुल्या खाणीपुरतं चालतं, अनरिस्ट्रिक्टेड भूमिगत आणि खुल्या दोन्हीकडे. फरक पडतो तो अनुभवामुळे. वर्षभर फक्त खुल्या खाणीत काढलं तर रिस्ट्रिक्टेडच मिळतं, मग परीक्षेत कितीही गुण पडोत.

इथेच सर्वांत महाग चूक होते. उमेदवाराला घराजवळची खुली खाण मिळते, उन्हाचा त्रास सोडला तर काम सोपं वाटतं, तो खूश होतो. चार वर्षांनी भूमिगत खाणीत बदली किंवा संधी येते तेव्हा कळतं की प्रमाणपत्र तिथे चालत नाही. वेकोलिच्या पेंच, कन्हान, पाथाखेडा या मध्य प्रदेशातल्या क्षेत्रांत भूमिगत कामाची जुनी परंपरा आहे. वणी, माजरी, उमरेडकडे खुल्या खाणींचा जोर आहे. मॉइलच्या बालाघाट, चिखला, गुमगाव इथे भूमिगत खाणी आहेत, तर भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग खुली. जागा मागताना घरापासून-किती-लांब हा हिशेब बाजूला ठेवा. अनरिस्ट्रिक्टेडसाठी भूमिगत कामाचे किती महिने लागतात ते परीक्षेच्या चालू सूचनेत वाचा आणि रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच वेळापत्रक तसं लावून घ्या. अकराव्या महिन्यात मॅनेजरकडे जाऊन काही होत नाही.

पीजीपीटीसाठी अर्ज कसा करायचा?

1. एनएटीएस या शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी. आधार, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, बँक खातं लागतं. खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर सरकारी वाट्याचे पैसे अडकतात.
2. कंपनीची जाहिरात आली की पोर्टलवरून त्या आस्थापनेला अर्ज. अनेक कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावरही वेगळा अर्ज भरायला लावतात. दोन्ही केले नाहीत तर नाव बाद.
3. गुणवत्ता यादी बहुधा पदवीच्या गुणांवर लागते. मग कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी.
4. करारनामा पोर्टलवर तयार होतो. तो दोन्ही बाजूंनी मंजूर झाल्याशिवाय प्रशिक्षण सुरू झालं असं धरू नका.
5. व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरमधलं प्राथमिक प्रशिक्षण, मग खाण.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं पश्चिम विभाग शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहतं, शेवटचं प्रवीणता प्रमाणपत्रही त्यांच्याकडूनच येतं. विद्यावेतन 2019 च्या सुधारित नियमांत पदवीधरांसाठी किमान 9,000 रुपये ठरलं होतं. चालू आकडा जाहिरातीत पाहा. एवढ्यात खोलीभाडं, मेस आणि स्कूटरचं पेट्रोल जेमतेम निघतं. कंपनीच्या वसाहतीत क्वार्टर मिळेल का, हे आधी विचारा.

अप्रेंटिसशिप एकदाच करता येते. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात सहज म्हणून करार केला असेल तर पीजीपीटीचं दार बंद होतं. अंतिम वर्षातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

कोल इंडियाची मॅनेजमेंट ट्रेनी भरती कशी होते?

अलीकडच्या मोठ्या भरत्या गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर झाल्या. 2022 च्या जाहिरातीत 1,050 जागा होत्या, त्यात मायनिंगच्या 699. 2024 च्या जाहिरातीत एकूण 640 आणि मायनिंगच्या 263. आकडे सलग ठेवून पाहिले की लक्षात येतं, जागा दरवर्षी एकसारख्या नसतात. एका वर्षीच्या भरतीवर आयुष्याचा बेत आखू नये.

गेटचा स्कोअर तीन वर्षं वैध असतो हे खरं, पण कोल इंडिया जाहिरातीत ज्या वर्षाचं नाव घेते त्याच वर्षाचा स्कोअर चालतो. जुना स्कोअर घेऊन बसलेले इथे फसतात. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 60 टक्के आणि वयाची कमाल मर्यादा 30 वर्षं ठेवलेली होती. मुलाखत नव्हती. गेटच्या गुणांवर यादी, कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, संपलं. प्रशिक्षणात ई-2 श्रेणी, मूळ वेतनश्रेणी 50,000 ते 1,60,000. वर्ष यशस्वी झालं की ई-3, 60,000 ते 1,80,000. महागाई भत्ता आणि बाकी भत्ते वेगळे.

कंपनी पसंतीने मिळेलच असं नाही. वेकोलि नागपूरला असली तरी तुमची नेमणूक सिंगरौलीच्या एनसीएलमध्ये, ओडिशाच्या एमसीएलमध्ये किंवा धनबादच्या बीसीसीएलमध्ये होऊ शकते. शिकण्याच्या दृष्टीने पहिली नेमणूक झरियाच्या आगीवाल्या, वायूवाल्या भागात पडली तर ते वाईट मानू नका.

गेटची तयारी मायनिंगवाल्यांनी कशी करावी?

पेपरचा कोड एमएन. 65 प्रश्न, 100 गुण, तीन तास. त्यातले 15 गुण सामान्य बुद्धिमत्तेचे. चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला एका गुणाच्या प्रश्नात एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नात दोन तृतीयांश कापतात. अंकी उत्तराच्या प्रश्नांना कपात नाही.

गणित आणि बुद्धिमत्ता हे भाग मायनिंगची मुलं टाळतात आणि तिथेच मागे पडतात. व्हेंटिलेशन, सर्व्हेइंग, रॉक मेकॅनिक्स यांवरची गणितं आकड्यांची असतात, सूत्र पाठ असून भागत नाही, एकक चुकलं की उत्तर गेलं. मायनिंग मशिनरीची पानंच्या पानं रटण्यात वेळ जातो आणि गुण मात्र थोडेच.

वैद्यकीय तपासणीत कोण अडकतं?

माइन्स रूल्स 1955 प्रमाणे खाणीत रुजू होण्यापूर्वी तपासणी होते आणि अहवाल फॉर्म ओ मध्ये येतो. छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, ऑडिओमेट्री, डोळे, रक्तदाब. नंतर ठरावीक वर्षांनी पुन्हा. रंगांधळेपणा ही सर्वांत अनपेक्षित अडचण ठरते. कॉलेजात चार वर्षं कुणी तपासत नाही आणि निवड झाल्यावर ठिपक्यांचा तक्ता समोर येतो. दुसऱ्या वर्षातच नेत्रतज्ज्ञांकडे इशिहारा चाचणी करून घ्या, खर्च फार नसतो. छातीचा जुना डाग, टीबीचे उपचार झालेले असतील तर त्याची कागदपत्रं जपून ठेवा.

भूमिगत खाणीत पहिल्या काही महिन्यांत नेमकं काय शिकायचं?

दिवसाची सुरुवात हजेरीने होते, मग लॅम्प रूम. टोकन देऊन कॅप लॅम्प आणि विषारी वायूत श्वास घेण्यासाठीचा सेल्फ रेस्क्यूअर घ्यायचा. दिवा आणि टोकन यांचा मेळ हीच आत किती माणसं आहेत याची मोजदाद असते. काडेपेटी, बिडी, लायटर, मोबाइल आत जात नाही, दारावर झडती होते. इंजिनिअर म्हणून झडती टाळू नका.

पहिली शिकण्याची गोष्ट म्हणजे छत. सरदार काठीने छत ठोकतो. घट्ट छत खणखणीत वाजतं, सुटलेला थर बोदा, पोकळ आवाज देतो. एक हात छताला टेकवून दुसऱ्याने ठोकलं की सुटलेल्या थराची थरथर बोटांना लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही, रोज पंचवीसतीस ठिकाणी ठोकून येतं. ते आलं की मग छताचं आरएमआर, म्हणजे खडकाची प्रत सांगणारे गुण, काढायला बसा. सीएमआरआय-आयएसएम पद्धतीत पाच गोष्टी पाहतात: थराची जाडी 30 गुण, भेगा व रचना 25, पाण्याने झिजण्याचा गुण 20, खडकाची ताकद 15, पाझर 10. नवे लोक सगळा भर ताकदीवर देतात. गुणांची विभागणी पाहा, थर पातळ असेल तर ताकदवान खडकही सुटून खाली येतो.

दुसरी, बोर्ड अँड पिलरची, म्हणजे कोळशाचे खांब सोडून मधून बोगदे (गॅलरी) काढायच्या पद्धतीची मापं. गॅलरी 4.8 मीटरपेक्षा रुंद आणि 3 मीटरपेक्षा उंच करायची नाही. खोली 60 मीटरपर्यंत आणि गॅलरी 4.8 मीटरची असेल तर खांबांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत किमान 19.5 मीटर. प्रत्यक्षात गॅलरी हळूहळू रुंदावते, कारण कडेचा कोळसा सुटतो आणि एसडीएल हे कोळसा भरायचं यंत्र वळवायला चालकाला जागा हवी असते. म्हणून फीत घेऊन स्वतः मोजा, नकाशावरची रुंदी गृहीत धरू नका. 4.8 ची 5.3 झाली की छत धरून ठेवणाऱ्या रूफ बोल्टच्या ओळींमधलं गणित बिघडतं आणि ते कडेला, जिथे कुणी पाहत नाही तिथे बिघडतं.

तिसरी, वारा. वाऱ्याचा वेग मोजणारा अॅनिमोमीटर घेऊन एक मिनिट गॅलरीभर समान वेगाने फिरवायचा. समजा गॅलरी 4.5 मीटर रुंद, 2.5 मीटर उंच, म्हणजे 11.25 चौरस मीटर, आणि वेग 0.8 मीटर प्रति सेकंद आला. वारा झाला 9 घनमीटर प्रति सेकंद, मिनिटाला 540. नियम सांगतो माणशी 6 घनमीटर प्रति मिनिट किंवा रोजच्या टनाला 2.5 घनमीटर प्रति मिनिट, जे जास्त असेल ते. म्हणजे हा वारा माणसांच्या हिशेबाने 90 जणांना पुरतो, पण उत्पादनाच्या हिशेबाने रोज फक्त 216 टनांना. खाणीच्या बहुतेक यंत्रीकृत भागांत दुसरी अट आधी लागते. मोजताना यंत्र छातीसमोर धरून उभं राहिलं की शरीरच वाट अडवतं आणि आकडा चुकतो. हात लांब, उभं राहायचं कडेला.

ऑक्सिजन 19 टक्क्यांच्या खाली नको, कार्बन डायऑक्साइड 0.5 टक्क्यावर नको. मिथेन परतीच्या वाऱ्यात 0.75 टक्क्यापेक्षा आणि कुठेही 1.25 टक्क्यापेक्षा जास्त नको. वेट बल्ब तापमान 33.5 अंशांच्या आत हवं, 30.5 च्या वर गेलं तर वाऱ्याचा वेग किमान 1 मीटर प्रति सेकंद हवा. हे आकडे परीक्षेतही येतात, पण मुख्य म्हणजे रोजच्या रजिस्टरमध्ये येतात. रजिस्टरमध्ये सहा महिने मिथेनचा एकच आकडा दिसत असेल तर समजा कुणी मोजत नाही. मिथेन हलका असतो, छतालगत साचतो. छातीच्या उंचीवर मोजणारा तो चुकवतो.

चौथी, नकाशा. जुन्या, पाण्याने भरलेल्या कामापासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही. 27 डिसेंबर 1975 ला चासनाळा खाणीत पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. या नियमाकडे पाहताना ती तारीख लक्षात ठेवावी. सर्व्हे ऑफिसमध्ये किमान दोन आठवडे काढा. बरेच जण तो भाग सहीपुरता उरकतात.

आणि खुल्या खाणीत?

इथे धोका मोठ्या यंत्रांचा आणि उतारांचा. बेंचची, म्हणजे खाणीतल्या पायरीची, रुंदी काढायला शिका: सर्वांत रुंद यंत्राच्या रुंदीत 2 मीटर मिळवून येणारा आकडा, डंपर फिरत असतील तर डंपरच्या रुंदीच्या तिप्पट, आणि बेंचची उंची, या तिन्हींत जो मोठा तो. हॉल रोडचा, म्हणजे डंपरच्या रस्त्याचा, उतार साधारण 1:16 च्या आत. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेचे बांध वाहून जातात, म्हणून जूनच्या आधी मातीचे बांध, पाण्याचे चर आणि पंप यांची पाहणी ही प्रशिक्षणार्थीला देण्यासारखी उत्तम जबाबदारी असते. काळ्या मातीच्या आपल्या भागात ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, ढीग पावसात सरकतात. ढिगाच्या माथ्यावरच्या भेगा शोधणं, खुंट्या मारून आठवड्याला अंतर मोजणं, हे करून ठेवा.

ब्लास्टिंगचं साधं गणित: 160 मिमीचं भोक, बर्डन (भोकापासून मोकळ्या बाजूपर्यंतचं अंतर) 5 मीटर, स्पेसिंग (ओळीतल्या दोन भोकांमधलं अंतर) 6, बेंच 9 मीटर उंच. एका भोकामागे 270 घनमीटर खडक. स्फोटक 115 किलो टाकलं तर साधारण 2.3 घनमीटर प्रति किलो. आकडा चांगला दिसला तरी ढीग बघायचा. मोठे दगड राहिले, पायथ्याला टेकडी उरली, तर सबड्रिलिंग (बेंचच्या तळाखालचं भोक) कमी पडलं किंवा भोकात पाणी होतं. उडालेले दगड दूर गेले तर बहुधा वरचं स्टेमिंग (भोकाच्या तोंडाशी ठासलेला भराव) कमी होतं, किंवा पुढच्या बाजूचं बर्डन मोजलंच नव्हतं. पहिल्या ओळीतलं बर्डन वरून मोजायचं आणि पायथ्याशीही. धोक्याचं क्षेत्र 500 मीटर धरून माणसं हटवणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. ते शिकायला एकदा तरी वाटेवर पहारा द्या.

डायरी खरंच लिहावी लागते का?

लागते, आणि रोज लागते. तारीख, शिफ्ट, जागा, केलेलं काम, मोजलेले आकडे, सोबतच्या ओव्हरमनचं पद. आठवड्याला असिस्टंट मॅनेजरची सही, महिन्याला मॅनेजरची. वर्षअखेरी एका बैठकीत तीनशे पानं भरलेली डायरी लगेच ओळखू येते: एकाच पेनाची शाई, रविवारी आणि पोळ्याच्या सुट्टीलाही कामाच्या नोंदी, आणि हजेरी पुस्तकाशी न जुळणाऱ्या शिफ्ट. अनुभवाचा दाखला हजेरी आणि बी फॉर्मच्या (खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीच्या) नोंदींवरून तपासला जाऊ शकतो. नोंदीत नाव नसेल तर खाणीत काढलेलं वर्ष कागदावर शून्य.

दाखल्यावर काय तपासायचं: आधार आणि पदवीशी जुळणारं नाव, खाणीचं पूर्ण नाव, भूमिगत आणि खुल्या कामाच्या तारखा वेगवेगळ्या, कोणत्या क्षमतेत काम केलं ते, मॅनेजरचा प्रमाणपत्र क्रमांक, शिक्का. खाण सोडण्यापूर्वीच घ्या. मॅनेजरची बदली झाली की त्याच्या काळातल्या दाखल्यासाठी चकरा मारून जीव मेटाकुटीला येतो.

सेकंड क्लासची परीक्षा कशी असते?

धनबादचं डीजीएमएस घेतं, संगणकावर होते. मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांना बहुतेक विषयांतून सूट असते, उरतो तो व्यवस्थापन, कायदे आणि सुरक्षिततेचा पेपर. एकच पेपर म्हणून हलक्यात घेणारे त्यातच अडकतात, कारण प्रश्न थेट रेग्युलेशनच्या आकड्यांवर येतात. 1957 च्या जुन्या रेग्युलेशनच्या नोट्स अजूनही वसतिगृहांत फिरतात. कलमांचे क्रमांक 2017 मध्ये बदलले आहेत.

अर्जासोबत गॅस टेस्टिंगचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. प्रथमोपचाराचा कोर्स सेंट जॉन अॅम्ब्युलन्सकडून होतो. ही दोन्ही कामं प्रशिक्षणाच्या सहाव्या महिन्यापर्यंत उरका. गॅस टेस्टिंगसाठी फ्लेम सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून तिच्यावरची फिकट निळी टोपी ओळखायची असते. उजेडातून आल्या आल्या ती दिसतच नाही. डोळे अंधाराला सरावू द्या, मगच टक्केवारी सांगा. ज्योत जास्त मोठी ठेवली तरी टोपी पिवळ्या उजेडात हरवते.

कोळसा की मॅंगनीज, लोह, चुनखडी?

कोळशाला कोल माइन्स रेग्युलेशन्स, बाकीच्यांना मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स 1961. प्रमाणपत्रं वेगवेगळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणीत घेतलेला अनुभव कोळशाच्या परीक्षेला तसाच लागू होत नाही. कोळशात नोकऱ्यांची संख्या मोठी. मॉइल, हिंदुस्तान झिंक, मलांजखंडची तांब्याची खाण इथे कठीण खडकातलं भूमिगत काम शिकायला मिळतं, स्टोपिंग (खनिज काढून पोकळ्या करणं), भराव, खोल शाफ्ट. हे कौशल्य देशाबाहेरही विचारलं जातं. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखाणीमुळे विदर्भात धातूच्या बाजूलाही मागणी आहे. आमचं मत विचाराल तर पहिलं वर्ष भूमिगत, मग खनिज कोणतंही असो.

मुलींना भूमिगत काम मिळतं का?

2019 पर्यंत कायद्याने बंदीच होती. त्या वर्षी केंद्राने अधिसूचना काढली: तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांवर स्त्रियांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत भूमिगत जाता येईल, आणि खुल्या खाणीत रात्रीच्या शिफ्टलाही. लेखी संमती हवी, आणि शिफ्टमध्ये किमान तीन जणी. प्रत्यक्षात अडचण या तीनच्या अटीने येते. छोट्या खाणीत तिघी नसतात, मग एकटीला कार्यालयात बसवतात आणि तिचे भूमिगत दिवस भरत नाहीत. निवड झालेल्या मुलींनी एकाच खाणीत एकत्र नेमणूक मागावी, लेखी मागावी. आत स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न लाजेने टाळू नका.

मायनिंगची पदवी नाही. काही जमेल?

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, संगणक यांच्या जागा कोल इंडियाच्या 2024 च्या जाहिरातीत होत्याच. भूशास्त्रवाल्यांसाठी गेटचा जीजी पेपर. फक्त मॅनेजर होण्याची वाट यातून जात नाही. डिप्लोमावाल्यांसाठी पीडीपीटी, म्हणजे डिप्लोमानंतरचं व्यावहारिक प्रशिक्षण, आहे आणि त्यातून ओव्हरमनचं प्रमाणपत्र. ओव्हरमन म्हणून लागलेला हुशार मुलगा पुढे मॅनेजरच्या परीक्षा देऊन वर जातो, आणि छताची त्याला जी जाण असते ती थेट आलेल्या बी.टेक.ला नसते.

खासगी कंपनी किंवा ठेकेदाराकडे लागलो तर?

ओव्हरबर्डन काढणाऱ्या ठेकेदारांकडे नोकरी लवकर मिळते. रुजू होताना तीन गोष्टी पाहा: तुमचं नाव खाणीच्या बी फॉर्म नोंदीत जाणार का, फॉर्म ओ आणि व्होकेशनल ट्रेनिंग झालंय का, आणि अनुभवाचा दाखला खाणीच्या मॅनेजरकडून मिळणार का. ठेकेदाराच्या लेटरहेडवरचं पत्र परीक्षेच्या अर्जाला पुरत नाही. बॉंड असेल तर रक्कम, वर्षं आणि प्रशिक्षणाच्या काळात सोडलं तर काय, हे सहीआधी वाचा. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका, तपासून परत घ्या.

गोव्यात संधी आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. नंतर लिलाव झाले, डिचोलीचा ब्लॉक डिसेंबर 2022 मध्ये गेला. काम पुन्हा सुरू होतंय, पण सगळं खुलं लोहखनिज. अनुभव मेटॅलिफेरस आणि रिस्ट्रिक्टेड बाजूचाच मिळेल. गोव्यातच राहायचं असेल तर ठीक.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅज्युएट प्रोग्रामसाठी इथून अर्ज करावा का?

तिथले कार्यक्रम बहुधा दोन वर्षांचे, प्लॅनिंग, ड्रिल-ब्लास्ट, उत्पादन, भूतंत्र अशा विभागांतून फिरवणारे. पण बऱ्याच कंपन्या तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी असल्याची अट घालतात आणि तिथल्या विद्यापीठात शिकताना केलेलं सुट्टीतलं काम पाहतात. भारतातून थेट ग्रॅज्युएट म्हणून जाणं अवघड. तीन-चार वर्षांचा भूमिगत अनुभव, प्लॅनिंगचं एखादं सॉफ्टवेअर हातात, अशा तयारीने अनुभवी इंजिनिअर म्हणून जाणारे जास्त. डीजीएमएसचं प्रमाणपत्र तिथे आपोआप चालत नाही, प्रत्येक राज्याची कायदेशीर प्रमाणपत्रं वेगळी.

यंदा निवड झाली नाही. वर्ष वाया घालवू की पीजीपीटी घेऊ?

पीजीपीटी घ्या. शिफ्ट आठ तासांची असते, पहिली शिफ्ट धरली तर संध्याकाळी अभ्यासाला वेळ मिळतो. रात्रपाळी लागली तर मात्र त्या आठवड्यात अभ्यास होत नाही, हे धरून बेत करा. गेटची नोंदणी साधारण ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात उघडते आणि परीक्षा फेब्रुवारीत. जुलैत खाणीत रुजू झालात तर पावसाळा खुल्या खाणीत आणि नोव्हेंबरपासूनचे महिने भूमिगत असं वाटून घेण्याची विनंती मॅनेजरकडे करता येते. परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांची रजा लेखी मागा आणि ते दिवस वर्षअखेरीस भरून द्या, कारण अनुभवाच्या वर्षात तेवढे दिवस कमी पडले तर सेकंड क्लासचा अर्ज पुढच्या परीक्षेपर्यंत लांबतो.